ऑस्टिनमध्ये नवीन आलात ना, मग सीडरची तयारी दिवाळीचा फराळ संपायच्या आत सुरू करा

दर वर्षी जानेवारीत, साधारण संक्रांतीच्या आगेमागे, मला दोन-तीन मेसेज हमखास येतात. मजकूर तोच, फक्त माणसं वेगळी. "ताई, घरात सगळे आडवे झालेत, कोविड निगेटिव्ह, फ्लू निगेटिव्ह, नाक तर नळ सोडल्यासारखं वाहतंय, डोळे सुजलेत, काय असेल हो?" मी आधी एकच विचारते, इथे येऊन किती वर्षं झाली? उत्तर बहुतेक वेळा दोन किंवा तीन असतं, आणि मग कळतं की सीडरने, म्हणजे इथल्या एका झाडाच्या परागाच्या ॲलर्जीने, गाठलं.

मी मूळची सांगलीची, २०१४ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला आले, आणि राहते कुठे तर सीडर पार्कमध्ये, म्हणजे गावाच्या पाटीवरच लिहिलं होतं पण घर घेताना आमचं लक्ष शाळा आणि कम्यूटकडे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण दहापेक्षा जास्त सीझन शिंकून काढलेत, दोनदा चुकीची औषधं खाल्लीत, ॲलर्जिस्टकडे शेकडो डॉलर ओतलेत, तर जे शिकले ते नवीन लोकांसाठी एकदा नीट लिहून ठेवते. ज्यांना दमा आहे, जे गरोदर आहेत, ज्यांना बीपीची किंवा हार्टची औषधं चालू आहेत त्यांनी यातलं काहीही करायच्या आधी डॉक्टरला विचारा.

आधी झाड बघून घ्या

इथे ज्याला सगळे माउंटन सीडर म्हणतात तो खरं तर सीडर नाहीच, तो ॲश ज्युनिपर. ऑस्टिनच्या पश्चिमेला जी टेकड्यांची हिल कंट्री सुरू होते तिथे चुनखडीच्या जमिनीवर मैलोन्‌मैल हीच झाडं आहेत. गडद हिरवी, खालपासून फांद्या फुटलेली, सालीच्या उभ्या पट्ट्या निघत असलेली. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मादीला निळसर छोटी फळं येतात आणि तिचा आपल्याला काही त्रास नाही. डिसेंबर आला की नर झाडांचे शेंडे नारिंगी-तपकिरी दिसायला लागतात, लांबून वाटतं झाड वाळत चाललंय, पण तो सगळा परागच. एखादा कोरडा वारा आला की झाडातून चक्क धुराचा लोट निघाल्यासारखे परागकण उडतात, इतके की आग लागली समजून लोक फायर डिपार्टमेंटला फोन करतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पण घाबरून नवऱ्याला हाक मारली होती.

हा सगळा खेळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि जानेवारीत कळस. उत्तरेकडून कोल्ड फ्रंट येऊन गेला, हवा कोरडी झाली, ऊन पडलं आणि वारा सुटला की तो दिवस सगळ्यात वाईट. पाऊस पडत असेल तर जरा सुटका.

आणि इथेच आपण फसतो बघा. जानेवारीत ऑस्टिनला दुपारी १७-१८ डिग्री असतं, महाबळेश्वरला आल्यासारखं वाटतं, चार-पाच महिने उन्हाळ्यात एसीचं बिल भरून वैतागलेला माणूस काय करतो तर सगळ्या खिडक्या सताड उघडतो, की बाई जरा नैसर्गिक हवा येऊ दे घरात. बर्फाच्या गावात जानेवारीत कोणी खिडकी उघडत नाही आणि तेव्हा तिथे झाडंही झोपलेली असतात. इथे दोन्ही उलटं.

अजून एक, घरामागचं झाड तोडून टाकू असा विचार मनात येतो. त्याचा काहीएक उपयोग नाही. पराग वाऱ्यावर कित्येक मैल जातो, तुमच्या एका झाडाने काय फरक पडणार. शिवाय या झाडावर एक पक्षी अवलंबून आहे, गोल्डन-चीक्ड वॉर्बलर, तो जगात फक्त टेक्सासमध्येच घरटी करतो आणि ती बांधायला याच झाडाच्या म्हाताऱ्या सालीच्या पट्ट्या आणि कोळ्याची जाळी वापरतो. १९९० पासून तो संकटग्रस्त यादीत आहे आणि त्याच्यासाठी शहराच्या कडेला मोठं राखीव जंगल ठेवलंय. पक्षी मात्र भलताच शहाणा, हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतो आणि मार्चमध्ये येतो, सीडर संपल्यावर.

आपलं कॅलेंडर लावून घ्या

इथले लोक महिने सांगतात पण मला आपल्या सणांवरून जास्त चांगलं लक्षात राहतं. गणपती म्हणजे रॅगवीड आणि सीडर एल्म, नावात सीडर असला तरी हे एल्मचं वेगळंच झाड, आणि रॅगवीड हे झाड नाही तण आहे पण त्रास झाडाइतकाच. दिवाळीपर्यंत रॅगवीडची शेपूट चालू असते. मग थोडी सुट्टी. मार्गशीर्षातले गुरुवार संपत आले, दत्तजयंती आली की सीडर सुरू. संक्रांतीला कळस, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणायला आवाजच फुटत नाही. महाशिवरात्रीच्या सुमाराला सीडर उतरणीला लागतो. होळी ते पाडवा ते रामनवमी हा ओकचा काळ, गाडीवर पिवळी-हिरवी पावडर. अक्षय तृतीयेच्या आसपास पेकन, जे टेक्सासचं राज्यवृक्ष आहे.

प्रत्येकाला सगळ्याची ॲलर्जी नसते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत एक साधं काम करा, फोनमध्ये नोट ठेवा, कुठल्या तारखेला त्रास सुरू झाला, कधी संपला, त्या दिवशी बाहेर किती वेळ होतात. नंतर ॲलर्जिस्टकडे गेलात की ही नोट खूप उपयोगी पडते.

आकडे बघायचे तर ऑस्टिनच्या टीव्ही चॅनेलवर रोज सकाळी पोलन काउंट देतात. तो एक घनमीटर हवेत किती कण सापडले त्याचा आकडा असतो. झाडांसाठी ९० च्या वर गेला की हाय आणि १५०० च्या वर व्हेरी हाय. सीडरच्या ऐन भरात हा आकडा कित्येक हजारांत जातो. फोनच्या ॲपवर जो १२ पैकी अमुक असा इंडेक्स येतो तो बऱ्याचदा नुसता अंदाज असतो, प्रत्यक्ष मोजणी नाही, आणि प्रत्यक्ष मोजणी असेल तर ती आदल्या दिवसाची असते. म्हणून मी आकड्याइतकंच वाऱ्याकडे बघते.

पहिलं वर्ष फुकट जातं, त्याला भुलू नका

नवीन आलेला माणूस पहिल्या जानेवारीत मजेत हिंडत असतो आणि आपल्याला हसतो, की तुम्ही लोक फार नाजूक झालात. ॲलर्जी अशी पहिल्या भेटीत होत नाही. शरीराची आधी त्या परागाशी ओळख व्हावी लागते, त्याच्या विरुद्ध अँटिबॉडी तयार व्हाव्या लागतात, त्याला एक-दोन सीझन जातात, कधी जास्त. मग एका वर्षी अचानक धाडकन. माझ्या नवऱ्याला तिसऱ्या वर्षी झालं, मला दुसऱ्याच. काहींना कधीच होत नाही, त्यांचा हेवा करण्यापलीकडे आपण काय करणार.

लहानपणी काँग्रेस गवताने ज्यांचं अंग खाजायचं किंवा नाक गळायचं त्यांनी विशेष जपा, ॲलर्जीची प्रकृती असेल तर ती नवीन गावात नवीन कारण शोधते.

सर्दी की सीडर

याला सीडर फीव्हर म्हणतात पण नाव फसवं आहे, सहसा खरा ताप येत नाही. अंग दुखतं, डोकं जड, थकवा इतका की ताप आल्यासारखं वाटतं, पण थर्मामीटर लावला तर काही नाही. थर्मामीटर खरंच ताप दाखवत असेल, १०१-१०२ वगैरे, तर सीडरवर ढकलू नका, फ्लू आणि कोविडची टेस्ट करा. दोन्ही एकाच महिन्यात गावभर असतात.

माझी खूण खाजेची. डोळे खाजतात, कानाच्या आत खाजतं, आणि टाळू इतका खाजतो की माणूस जिभेने टक्‌ टक्‌ आवाज काढत तो खाजवत बसतो, हा आवाज घरात ऐकू आला की समजायचं. साध्या सर्दीत असं नसतं. सर्दीत नाकातून येणारं दोन-तीन दिवसांनी घट्ट होतं आणि आठवड्याभरात आवरतं, इथे पाण्यासारखं पातळ वाहतच राहतं, सलग वीस-वीस शिंका, आणि पाऊस पडला की तात्पुरतं बरं वाटतं.

मी दुसऱ्या वर्षी एका अर्जंट केअरमध्ये गेले तिथे पाच मिनिटांत अँटिबायोटिक हातात दिलं, मी पण आज्ञाधारकपणे सगळा कोर्स संपवला, पोट बिघडलं, नाक तसंच. ॲलर्जीवर अँटिबायोटिक चालत नाही. हां, दहा दिवसांच्या वर त्रास चालला, किंवा मधे बरं वाटून परत बिघडलं, गालाच्या हाडात ठणका, ताप, तर सायनसचं इन्फेक्शन झालेलं असू शकतं, तेव्हा जायलाच हवं. आणि छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, धाप, बोलताना वाक्य पुरं होत नाही असं काही असेल तर लेख वाचत बसू नका, इमर्जन्सी.

औषध त्रास सुरू व्हायच्या आधी

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा ट्रायमसिनोलोन किंवा बुडेसोनाइड, हा डोकेदुखीच्या गोळीसारखा लगेच काम करत नाही. पूर्ण परिणाम यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. लोक संक्रांतीला आणतात, तीन दिवस मारतात, काही होत नाही म्हणून कपाटात टाकतात आणि मग सांगत फिरतात की स्प्रे बेकार आहे. डिसेंबर लागला की सुरू करायचा आणि फेब्रुवारी संपेपर्यंत रोज, त्रास असो नसो. मी तर फोनला रिमाइंडरच लावलाय.

मारायची पद्धत पण चुकते. मान मागे टाकू नका, थोडी खाली झुकवा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला. हळूच श्वास घ्या, तपकीर ओढल्यासारखं ओढायचं नाही. घशात कडू चव आली म्हणजे सगळं औषध पोटात गेलं. सारखं मधल्या पडद्यावर मारलं तर नाकातून रक्त येतं, माझं येत होतं, हात बदलल्यावर थांबलं.

गोळ्यांमध्ये सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, या तिन्ही इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात. ब्रँडची नावं झिरटेक, क्लॅरिटिन, अलेग्रा. ब्रँडच घ्यायची काही गरज नाही, कॉस्टकोमध्ये त्यांच्या कर्कलंड ब्रँडची सेटिरिझिनची ३६५ गोळ्यांची बाटली मिळते, आख्ख्या वर्षाची, एच-ई-बी या इथल्या सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडची पण चालते, आतलं औषध तेच. सेटिरिझिनने काहींना झोप येते, म्हणून मी रात्री घेते. फेक्सोफेनाडिनने झोप सगळ्यात कमी, पण ती साध्या पाण्याबरोबरच घ्यायची, संत्र्याच्या, सफरचंदाच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या ज्यूसबरोबर घेतली तर अंगाला कमी लागते. आमच्याकडे कित्येक दिवस नाश्त्याला ज्यूसबरोबर चालू होती आणि आम्ही गोळीला नावं ठेवत होतो. तिन्हीपैकी एका वेळी एकच घ्या, दोन वेगवेगळ्या अँटिहिस्टामिन स्वतःच्या मनाने एकत्र करू नका. डोळ्यांसाठी केटोटिफेन किंवा ओलोपाटाडिनचे थेंब, तेही आता दुकानातच मिळतात. डोळे चोळू मात्र नका, चोळलं की अजून खाजतं, थंड पाण्याची घडी ठेवा.

आता काय टाळायचं ते. ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे, ॲफ्रिन वगैरे, दोन मिनिटांत नाक मोकळं करतो आणि माणूस प्रेमात पडतो. तीन दिवसांच्या वर वापरला की नाक उलट जास्त चोंदायला लागतं आणि मग तो सुटत नाही. ज्या गोळ्यांच्या नावापुढे डी लावलेला असतो त्यात बहुतेक स्यूडोएफेड्रिन असतं, काउंटरमागे ठेवलेल्या असतात, आयडी दाखवून घ्याव्या लागतात, आणि त्यांनी बीपी वाढतं. फेनिलएफ्रिनची पोटात घ्यायची गोळी तर नाक मोकळं करायला काही कामाचीच नाही असं २०२३ मध्ये एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, सल्लागार समितीने एकमताने सांगितलं, तरी शेल्फवर आहेच.

आणि इंडियातून आणलेला तो औषधांचा डबा. प्रत्येकाच्या घरी आहे, माझ्याही आहे. त्यातली सिनारेस्ट नुसती सर्दीची गोळी नाही, तिच्यात पॅरासिटॅमॉल असतं, आणि पॅरासिटॅमॉल म्हणजेच इथलं टायलेनॉल. सर्दीला ही आणि डोकेदुखीला ते असं दोन्ही घेतलं तर डबल डोस जातो, लिव्हरची वाट लागते. पाकीट उलटून घटक वाचायची सवय लावा.

गोळ्या आणि स्प्रे एचएसए, एफएसएच्या, म्हणजे पगारातून औषधपाण्यासाठी करमुक्त बाजूला ठेवलेल्या, पैशातून घेता येतात, २०२० पासून प्रिस्क्रिप्शन पण लागत नाही. वर्षअखेरीला एफएसएचे पैसे उरलेत म्हणून लोक काहीबाही घेतात त्यापेक्षा हा साठा करा.

घर बंद करून घ्या

खिडक्यांचं सांगितलंच. दुसरं, सेंट्रल एअरचा फिल्टर. स्वतःचं घर असेल तर छतात किंवा भिंतीत जाळीमागे असतो, कडेला साइज छापलेली असते, तीच घ्यायची. त्यावर मर्व असा नंबर असतो, जितका मोठा तितका बारीक गाळतो. साधा स्वस्त फिल्टर फक्त मोठी धूळ अडवतो, मर्व ११ किंवा १३ परागासाठी चांगला, पण जुन्या सिस्टिमला १३ झेपत नाही, हवा कमी येते आणि ब्लोअर कण्हायला लागतो, तेव्हा एसीवाल्याला विचारून घ्या. बाणाची दिशा हवा जाते त्या बाजूला. एक इंची फिल्टर असेल तर सीडरमध्ये मी दर महिन्याला बदलते. अपार्टमेंटमध्ये असाल तर लीजिंग ऑफिसला मेंटेनन्सची रिक्वेस्ट टाका, डिसेंबरच्या सुरुवातीलाच, कारण जानेवारीत सगळ्यांना एकदम आठवतं.

बेडरूमसाठी हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर असलेला, एअर प्युरिफायर घेतला तर उत्तम, एकच घ्यायचा असेल तर बेडरूममध्येच ठेवा, हॉलमध्ये दाखवायला नको. घेताना धुरासाठी दिलेला सीएडीआर आकडा, म्हणजे यंत्र किती वेगाने हवा साफ करतं तो, बघा, तो खोलीच्या स्क्वेअर फुटाच्या निदान दोन तृतीयांश हवा. म्हणजे दीडशे स्क्वेअर फुटाच्या खोलीला शंभर.

तिसरं जरा जिवावर येतं. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. आपल्याला उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास आवडतो, बाल्कनीत दोरी बांधल्याशिवाय घर घरासारखं वाटत नाही, पण या दोन महिन्यांत ओल्या चादरीवर पराग असा बसतो की तुम्ही रात्रभर त्यातच नाक खुपसून झोपता. ड्रायर किंवा घरात स्टँड. उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्याने.

बाहेरून आलं की चपला-बूट दाराशी, ते तर आपण करतोच, त्याबरोबर बाहेरचे कपडे पण बेडरूममध्ये न्यायचे नाहीत. आंघोळ रात्री, केसांवरून. हो, मला माहितेय रात्री केस धुतले की सर्दी होते असं आई म्हणायची. निदान ओल्या कपड्याने केस पुसा. आणि डोक्याला तेल चोपडून बाहेर जाऊ नका, चिकट केसांवर सगळं येऊन बसतं आणि मग उशीवर उतरतं. कुत्रं असेल तर त्याचेही पाय आणि पाठ पुसा, तो तर थेट झाडाखाली लोळून येतो.

जलनेती करा, पण नळाच्या पाण्याने कधीच नाही

नाक धुण्याने मला जितका फरक पडला तितका कुठल्याच एका गोळीने नाही पडला. परागच धुऊन निघतो तर रिॲक्शन कशाला येईल. गावाकडून आणलेलं नेतीपात्र चालेल, नाहीतर इथे दाबायची बाटली आणि मिठाच्या पुड्या मिळतात.

पण पाणी. इथे आपले लोक हमखास चुकतात, कारण तिकडे आपण कोमट पाणी, चिमूटभर मीठ, झालं. नळाच्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. ते पाणी प्यायलं तर काही होत नाही, पण नाकात वर गेलं तर तो मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यातून जवळजवळ कोणी वाचत नाही. लुइझियानामध्ये २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण असेच गेले. टेक्सासमध्येच २०२४ मध्ये एका ७१ वर्षांच्या बाईंनी आरव्हीच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या प्रवासी गाडीच्या, टाकीतल्या पाण्याने नाक धुतलं होतं, त्या गेल्या. असं फार क्वचित घडतं, हो, पण पाणी उकळायला काय लागतं.

तर दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा गॅलन आणा, दीड-दोन डॉलरला येतो, किंवा नळाचं पाणी तीन-चार मिनिटं खळखळून उकळून झाकून गार करा. फ्रिजच्या फिल्टरचं किंवा जगमधल्या फिल्टरचं पाणी चालत नाही. मीठ बिनआयोडीनचं, पिकलिंग सॉल्ट म्हणून मिळतं, डब्यातलं रोजचं आयोडीनवालं मीठ नाकात झोंबतं. तीन चमचे मीठ आणि एक चमचा बेकिंग सोडा मिसळून कोरड्या बरणीत ठेवा, त्यातलं एक चमचा एका कपाला, म्हणजे साधारण २४० मिली. चमचा म्हणजे चहाचा, सपाट. कमी-जास्त झोंबलं तर मीठ थोडं कमी करा. सिंकवर पुढे वाका, मान एका बाजूला, तोंडाने श्वास, वरच्या नाकपुडीतून ओता, खालच्या बाजूने निघतं. नंतर हळू शिंकरा, जोर लावला तर कानात दडा बसतो. पात्र धुऊन पूर्ण कोरडं करा. आणि क्रम असा की आधी नेती, मग पंधरा मिनिटांनी स्प्रे. उलटं केलंत तर औषध सिंकमध्ये.

बाहेर जायचंच असेल तर

कोविडच्या वेळचे एन-९५ मास्क उरलेत ना, तेच काढा. सीडरचा कण साधारण २० ते ३० मायक्रॉनचा, त्या मास्कसाठी अगदी ढोबळ. चष्मा किंवा गॉगल घाला, कॉन्टॅक्ट लेन्स या दिवसांत नकोत. गाडीत खिडक्या बंद, हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू, आणि केबिन फिल्टर वर्षातून एकदा तरी बदला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बऱ्याच गाड्यांत दहा मिनिटांत स्वतःला जमतं, सर्व्हिसवाल्याला त्याचे पैसे द्यायची गरज नाही. हिल कंट्रीतल्या ट्रेल आणि कॅम्पिंग जानेवारीत टाळा, त्या मार्चनंतर तशाही जास्त छान असतात.

पाहुणे आणि पोरं

आई-बाबा किंवा सासू-सासरे थंडीत येणार असतील तर घाबरू नका, पहिल्याच फेरीत त्यांना सीडरचा त्रास होण्याची शक्यता कमी. पण दरवर्षी येत असतील तर होऊ शकतो. आमच्या सासूबाई तिसऱ्या फेरीत शिंकायला लागल्या आणि मी ऑफिसमध्ये असताना त्यांनी आपल्या मनाने घरातली डी वाली गोळी घेतली, त्यांना बीपी आहे, संध्याकाळी मोजलं तर आकडा बघून माझेच हात गार पडले. तेव्हापासून तसल्या गोळ्या वरच्या कप्प्यात, बाहेर फक्त साध्या. बेनाड्रिलसारख्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्याही म्हाताऱ्या माणसांना देऊ नका, गुंगी येते, गोंधळ होतो, रात्री बाथरूमला उठताना पडतात.

मुलांचं औषध वयावर आणि वजनावर ठरतं, पीडियाट्रिशियनला पोर्टलवर मेसेज टाकला की सांगतात. शाळेत गोळी द्यायची असेल तर फॉर्म भरावा लागतो, दप्तरात ठेवून पाठवू नका.

घरगुती उपाय आणि लोकल मध

सुंठ, हळदीचं दूध, तुळशीचा काढा, सगळं करा, घशाला बरं वाटतं, मी पण करते. वाफेने थोडा वेळ मोकळं वाटतं, पण पोरांना पातेल्यावर वाकवू नका, भाजण्याचे अपघात तसेच होतात. यातल्या कशाने ॲलर्जी थांबत नाही इतकंच.

लोकल मधाचं मात्र सांगायलाच हवं, कारण इथे आल्या आल्या कोणीतरी तो सल्ला देतंच. कल्पना अशी की इथल्या मधात इथला पराग, तो रोज थोडा खाल्ला की शरीराला सवय होते. पण मधमाशी जाते फुलांवर आणि सीडर, ओक, एल्म यांचा पराग जातो वाऱ्यावर, या झाडांना माशीची गरजच नाही. मग मधात तो येणार कुठून? मध चांगला असतो, पोळीबरोबर खा. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात देऊ नका.

याच कारणाने निळ्या ब्लूबॉनेटवर पण उगाच आळ येतो. मार्च-एप्रिलमध्ये आपण सगळे नटूनथटून रस्त्याकडेच्या त्या फुलांत पोरांना बसवून फोटो काढतो आणि घरी येऊन शिंकतो. फुलं बिचारी निर्दोष आहेत, वरती ओक उभा असतो.

इतकं करूनही भागलं नाही तर

दोन सीझन वाईट गेले की ॲलर्जिस्टकडे जा, आणि जाल ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. एक तर जानेवारीत अपॉइंटमेंट मिळत नाही, आणि दुसरं, बऱ्याच जणांचा इन्शुरन्सचा डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी आपण खिशातून भरायची रक्कम, एक जानेवारीला परत शून्यावर येतो, म्हणजे सीडर आणि बिल दोन्ही एकदम. पाठीवर किंवा हातावर टोचून टेस्ट करतात, वीस मिनिटांत गांधी उठतात त्यावरून कळतं. टेस्टच्या साधारण आठवडाभर आधी अँटिहिस्टामिन बंद ठेवाव्या लागतात, क्लिनिकला विचारा, नाहीतर हेलपाटा.

इंजेक्शनं घ्यायची ठरली तर सुरुवातीला आठवड्याला, काही महिने, मग महिन्याला, अशी तीन ते पाच वर्षं. प्रत्येक वेळी अर्धा तास तिथेच बसायचं कारण क्वचित जोराची रिॲक्शन येते. मार्चमध्ये सुरू केलंत तर पुढच्या डिसेंबरपर्यंत अंगात थोडा जोर येतो. जिभेखाली ठेवायच्या मान्यताप्राप्त गोळ्या इथे गवताच्या, रॅगवीडच्या आणि धुळीतल्या किड्यांच्या ॲलर्जीसाठी आहेत, सीडरसाठी नाहीत, तेव्हा कोणी तशी जाहिरात केली तर नीट चौकशी करा. मी इंजेक्शनं पूर्ण केली. शिंका गेल्या नाहीत, पण संक्रांतीचं हळदीकुंकू गेली तीन वर्षं माझ्या घरी होतंय, आधी ते दर वेळी पुढे ढकलून रथसप्तमीला टेकायचं.

ओकचं थोडक्यात

सीडर संपला म्हणून स्प्रे लगेच बंद करू नका, ओकची ॲलर्जी असेल तर पाडव्यापर्यंत परत लागणारच आहे. ओकचा पराग डोळ्यांना दिसतो, गाडीवर हळद सांडल्यासारखा. कोरड्या फडक्याने पुसू नका, काचेवर आणि रंगावर चरे पडतात, आधी पाणी मारा. नंतर त्याचे तपकिरी तुरे गळून ड्राइव्हवेवर ढीग होतात, ते झाडायच्या आधी पाण्याने भिजवा आणि मास्क लावा, लीफ ब्लोअरने उडवणाऱ्या शेजाऱ्याला मात्र काही सांगता येत नाही. पेकन मे मध्ये आवरतो, मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत झाडांकडून सुट्टी. ज्यांना बर्म्युडा गवताची ॲलर्जी आहे त्यांना तीही नाही, आणि ते गवत आमच्या लॉनवरच आहे.